फोडणी नसलेले नऊ दिवस

आज मी वरणाला फोडणी देणार आहे. कोणी म्हणेल, बाईला लिहायला दुसरं काही सापडलं नाही का. नाही सापडलं. पाच दिवस झाले, माझ्या घरात मोहरी तडतडलेली नाही. त्याच्याही आधीचं एक काहीतरी माझ्या घशाशी अडकून बसलं आहे, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. आज दोन्हीचा निकाल लावायचा आहे. अकराला माझी धाकटी बहीण बबली येईल. आधी तिला सांगायचं, मग गॅस पेटवायचा. हा क्रम मी सकाळी उठल्या उठल्या ठरवला आणि पक्का राहावा म्हणून हे लिहायला बसले, कारण मी स्वतःला चांगली ओळखते.

चैत्र आला की आमच्या चौबे कॉलोनीतला हा गॅलरीसमोरचा कडुलिंब फुलून येतो. बारीक पांढरी फुलं दिवसभर गळत राहतात, वाळत घातलेल्या चादरींवर, तुळशीच्या कुंडीत, चहाच्या कपात. वास गोडसर असतो. झाडाचं पान इतकं कडू आणि फुलाचा वास असा, याचं मला दरवर्षी नवल वाटतं आणि दरवर्षी मी ते कोणाला तरी बोलून दाखवते. कूलरची खस बदलून झाली आहे. ऊन नऊ वाजताच डोळ्यांवर येतं. आणि त्याच कडुलिंबाची एक डहाळी सध्या आमच्या दाराच्या कडीत खोचलेली आहे. छत्तीसगढातल्या या शहरात त्या डहाळीचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. दूधवाला पिशवी बाहेरच ठेवतो, बेल न वाजवता जातो. घरात माता आली आहे.

माझ्या नातीला, पीहूला, कांजिण्या झाल्या आहेत. सात वर्षांची आहे. पहिल्याच दिवशी सून तिला डॉक्टरकडे घेऊन गेली, औषध सुरू आहे, ताप उतरला आहे, पोरगी पलंगावर बसून फोन बघते आणि खाजवू नको म्हटलं की खाजवते. जीव भांड्यात पडावा असं सगळं आहे. पण डॉक्टरकडून परत येताना सून ती डहाळीही घेऊन आली. प्रीती आमची इथलीच, छत्तीसगढी घरातली, गुणाची मुलगी आहे. दाराशी डहाळी खोचून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मम्मी जी, नौ दिन छौंक मत लगाइएगा. दवाई तो दे ही रहे हैं. ये बस मन के लिए."

नऊ दिवस फोडणी नाही. मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेली बाई मी, आणि एका शब्दाने विरोध केला नाही. रात्रीपासून मग स्वतःवरच जी तिडीक डोक्यात गेली, ती आजपर्यंत उतरली नाही.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगावर पुरळ उठलं की तो आजार नसतो, ती देवी असते. शीतळा माता स्वतः पोराच्या अंगात पाहुणी आलेली असते. पाहुणीला थंडावा आवडतो. म्हणून घरात तळण नाही, फोडणी नाही, केस विंचरणं नाही, चपला आत नाहीत, मोठ्याने बोलणं नाही. नवव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायची आणि तिला निरोप द्यायचा. तोवर पाहुणचारात चूक झाली तर ती रागावते. रागावून जाताना काहीतरी घेऊन जाते.

बिनफोडणीचं घर कसं असतं, हे त्यात राहिल्याशिवाय कळत नाही. सगळ्या भाज्या एकसारख्या लागतात. अकरा वाजले हे वासावरून कळेनासं होतं. काल पीहूने वरणभाताची ताटली माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "आजी, ये दाल भी बीमार है क्या?" मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले, कारण अशाच एका फिक्या वाटीवरून सगळं सुरू झालं होतं.

तेव्हा आम्ही गोल बाज़ारच्या मागच्या गल्लीत राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली भांड्यांचं दुकान होतं, दिवसभर पितळेवर हातोडी चालायची. बाबांची नोकरी फिरतीची, महिन्यातले वीस दिवस ते बस्तरकडे. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण बबली. मी अकराची, ती सहाची. त्या चैत्रात तिला ताप भरला, डोळे लाल झाले आणि तिसऱ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं. गोवर. तो शब्द मला पुढे कितीतरी वर्षांनी समजला. तेव्हा शेजारच्या काकीने दारातूनच पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि आईला म्हणाली, "माता आए हे बहिनी. दवई झन देबे."

दवई झन देबे. औषध देऊ नको. घरी आलेल्या देवीला औषध पाजून हाकलणार का कोणी? आईने डहाळी खोचली, शेगडीवरची कढई खाली उतरवून कोपऱ्यात पालथी घातली. संध्याकाळी पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया येऊन जस गीत म्हणायच्या, देवीची स्तुती, अगदी हळू आवाजात. बबली तापाने फणफणलेली, आणि तिच्या पायाशी आई फूल ठेवायची, नमस्कार करायची. आपल्या सहा वर्षांच्या पोरीला नमस्कार! मला ते पाहून अंगावर काटा यायचा. आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटायचा.

पाचव्या दिवशी दुपारी आई लोटाभर पाणी घेऊन शीतळेच्या देवळात गेली. मला सांगून गेली, जवळ बस, पंख्याने वारा घाल. ती गेली तशी बबलीने डोळे उघडले. चार दिवसांत पोरीने धड काही खाल्लं नव्हतं.

"ताई, मले फोडणीचं वरण दे ना व. हे फिक्कं नाही खात मी."

"देवी आहे घरात. आई मारीन."

"थोडसंच. लसणाचं."

मी काय करावं? समोर माझी बहीण होती, भूक लागली म्हणत होती. देवी मला दिसत नव्हती, बबली दिसत होती. मी कढई सुलटी केली. मोहरी घातली, घाईत जास्तच पडली. त्या गपगार घरात ती अशी तडतडली की मला वाटलं, गोल बाज़ारभर ऐकू गेलं असेल. बबली उशीवरून मान उचलून कढईकडे बघत होती आणि हसत होती. वाटीभर वरणभात तिने बोटं चाटून खाल्ला. चार दिवसांत पहिल्यांदा.

आई जिना चढून आली ती उंबऱ्यातच थांबली. लसणाचा वास काय लपतो? लोटा तिच्या हातात तसाच. माझ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं.

"काय केलं व पोट्टी तू?"

मला वाटलं मारणार. तिने मारलं नाही. कढई उचलली, राखेने घासली, पुन्हा घासली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि माझ्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "कोणाले सांगू नको. कधीच सांगू नको." तिचे डोळे मी तसे आधी कधी पाहिले नव्हते. त्या डोळ्यांना मी फार भ्याले.

दुसऱ्या दिवसापासून बबलीचे कान वाहायला लागले. नवव्या दिवशी अंघोळ झाली, पुरळ वाळलं, ताप गेला. बबली दाराकडे पाठ करून भातुकली मांडत बसली होती. आईने हाक मारली, "बबली, ये व, वेणी घालून देते." ती वळली नाही. पुन्हा हाक मारली. खालच्या दुकानात त्या वेळी कोणीतरी मोठं पातेलं दाणकन आपटलं, मी दचकले, आई दचकली. बबली एक एक चिमुकली वाटी ओळीने मांडत राहिली.

मग डॉक्टर. त्यांनी पाहिलं, आईला विचारलं, इतके दिवस कुठे होतात? एवढंच. आणि मग शेजारची काकी, जिने विचारलं ते अगदी मायेने, वाईट हेतू अजिबात नव्हता तिचा, "घर में छौंक तो नइ लगे रिहिस बहिनी?" फोडणी तर नव्हती ना लागली? आई म्हणाली, "नाही." पटकन म्हणाली. काकी आपल्याशीच बोलल्यासारखी पुटपुटली की आवाज झाला की देवी कान घेऊन जाते. मी दाराआड होते. अकरा वर्षांच्या मुलीला याहून स्पष्ट निकाल कोणी काय देणार? मोहरी मी टाकली होती.

पुढे मी तत्त्वज्ञान घेतलं. लोकांना वाटलं पोरगी हुशार आहे. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि तो प्रश्न पुस्तकात चक्क छापलेला निघाला. अशुभाची समस्या. देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे, तरीही जगात दुःख आहे. मग एक तर त्याला ते थांबवता येत नसेल, किंवा थांबवायचं नसेल. बी.ए.च्या पेपरात हा प्रश्न हमखास यायचा, दहा मार्कांचा, आणि परीक्षा नेमक्या याच दिवसांत, कडुलिंब फुललेला असताना. शिकवायला लागल्यावर मी हिंदीतून उत्तरं लिहून द्यायचे. एक, मागच्या जन्मीचं कर्म. दोन, देव परीक्षा घेतो, माणूस घडवतो. तीन, आपल्याला तुकडाच दिसतो, पूर्ण चित्र दिसलं असतं तर काळा रंगही जागेवर वाटला असता. चार, माणसाला स्वातंत्र्य दिलंय, तो त्याचा गैरवापर करतो. पाच, ही सगळी लीला. पोरी भराभर उतरवून घ्यायच्या.

एकदा महासमुंदकडच्या गावातून येणारी एक मुलगी उभी राहिली. कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मैडम, पाँच उत्तर तो हो गए. जिसका बच्चा गया हो, वो कौन सा लिखे?" वर्ग हसला. मी म्हणाले, बैठ जाओ, यह सिलेबस में नहीं है. ती बसली. तिच्या घरात काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात वाईट घटका होती आणि ती माझीच करणी होती.

इतकी वर्षं शिकवून एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली, ती कोणत्या गाईडमध्ये नाही. पुस्तकातला प्रश्न देवाला विचारलेला असतो, तू हे का होऊ दिलंस? आमच्या घरात तो प्रश्न विचारताच येत नव्हता. आमच्याकडे देवी आजार होऊ देत नव्हती, ती स्वतःच आजार होती, आणि वर पाहुणी होती. पाहुणीला जाब कसा विचारणार? मग सगळे प्रश्न यजमानाकडे वळतात. तुमच्याकडून काय चुकलं? फोडणी लागली का? केस विंचरले का? देवी निर्दोष सुटते आणि घरात आरोपी शोधणं सुरू होतं. बहुतेक वेळा ती बाई असते. आमच्या घरी ती अकरा वर्षांची निघाली.

आई दर चैत्रात शीतळेला पाणी घालायला जायची, शेवटची दोन वर्षं काठी टेकत. मला वाटायचं ती माझ्या वतीने माफी मागते. ती गेल्यावर कधीतरी मनात आलं की कदाचित डॉक्टरकडे न नेल्याची मागत असेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं का तिने? मी विचारलंच नाही. आम्ही दोघी त्या कढईबद्दल पुन्हा एक शब्दही बोललो नाही.

आणि माझा शूरपणा ऐका. माझ्या मुलाला लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा मी औषध दिलं, शहाण्यासारखं सगळं केलं, आणि नऊ दिवस मोहरीचा डबा फळीवर सगळ्यात वर चढवून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात मी देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मोडून दाखवायचे आणि घरी मोहरीला घाबरायचे. हसा, मीही हसते.

पण पीहूने बीमार दाल म्हटलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. प्रीती म्हणते, बस मन के लिए. त्या मनाचंच मला भय आहे. उद्या पोरीला काही झालं, देव न करो, तर या घरात आरोपीची जागा आधीच तयार आहे, डहाळीबरोबर ती आपोआप आली आहे. मला जगातल्या दुःखाचं उत्तर सापडलेलं नाही, सापडेल असंही वाटत नाही, आता वय झालं. पण ज्या उत्तराला एक लहान मूल दोषी लागतं, ते उत्तर मी माझ्या घरात ठेवणार नाही. पुरे झालं. अकरा वाजले. खाली ऑटो थांबला आहे.

आता दुपारचे तीन वाजले आहेत. पुढचं लिहिते.

बबली आली. शंकर नगरात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, चार बाया हाताखाली आहेत, आणि लग्नसराईत तिच्याकडे ओळखीशिवाय नंबर लागत नाही. पूर्ण बहिरी आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही ओठांवरून वाचते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्याने बोलते, अख्ख्या मजल्याला कळतं की बबली आली. पीहूसाठी तिने जुन्या मलमलचा सैल झगा शिवून आणला होता, शिवण बाहेरच्या बाजूने घेतलेली, फोडांना टोचू नये म्हणून.

तिच्याशी बोलायचं तर उजेडाकडे तोंड करून बोलावं लागतं. खाली मान घालून माफी मागायची सोय नाही. मी गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढली, तिला समोर बसवलं. प्रीती भाजी निवडत होती, तिला म्हणाले, तूही ऐक. आणि सांगून टाकलं. कढई, मोहरी, आईचे डोळे, काकीचा प्रश्न, आईचं खोटं, सगळं. मध्ये दोनदा आवाज गेला माझा. बबलीला काय त्याचं, तिला ओठ दिसत होते.

तिने हातातला झगा बाजूला ठेवला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मले आठवते ना. मीच तर मांगितलं होतं."

"तुले माहीत होतं?"

"वरण माहीत होतं. तू ते मनाले लावून बसली, हे काहून माहीत राहीन? सांगितलं का कधी?" ती रागावली होती, खरोखर. "ताई, मले आईचा आवाज आठवत नाही. लय जोर लावते, नाही आठवत. बाबाचा नाही, तुहा नाही. मोहरीचा आठवते. तेवढाच एक आवाज राहिला माझ्यापाशी. तडतड तडतड. अन् तू त्याची माफी मागून राहिली?"

मी रडले. लपवायचं काय त्यात, हुंदके देऊन रडले. बबलीने मला रडू दिलं.

"राग आहे मले," थोड्या वेळाने ती म्हणाली. "नऊ दिवस डॉक्टरले दाखवलं नाही, त्याचा आहे. आईवर पण आहे, थोडासा. तुह्यावर कधीच नव्हता."

"अन् देवीवर?"

तिने खांदे उडवले. "देवी असती घरात तर तिनेच डॉक्टर बोलावला असता."

तीस वर्षांत एवढं सरळ उत्तर मी कोणत्या पेपरात वाचलं नव्हतं. दहापैकी किती द्यावेत, मला कळेना.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, मोहरीचा डबा काढला. प्रीती मागोमाग दारापर्यंत आली. मी तिला म्हटलं, "मैं लगाऊँगी. आज के बाद इस घर में कुछ भी हो, किसी ने छौंक लगाया था क्या, ये कोई नहीं पूछेगा." बाहेरच्या डहाळीकडे वळून तिने हात जोडले. मग म्हणाली, "हव, ठीक है. मिर्ची मत डालिएगा मम्मी जी, मुँह में छाले हैं उसके." आणि लसूण सोलायला बसली.

कढईत तेल तापलं. मोहरी घातली, आजही जास्तच पडली. उडू नये म्हणून वर ताटली झाकली. बबली पुढे आली, पदराची घडी करून ताटलीवर ठेवली आणि तिच्यावर तळहात टेकला. डोळे मिटले. खालून मोहरी ताटलीवर आपटत होती आणि ती हाताने ऐकत होती. आतल्या खोलीतून पीहू ओरडली, "आजी, खुशबू आ रही है!" बबलीला ते ऐकू आलं नाही. ती तशीच उभी होती, मान किंचित वर उचललेली, त्या दिवशी उशीवरून उचलली होती तशी.

"थांबली, ताई," ती म्हणाली. "लसूण टाक आता."

मी टाकला.